दुखण्याला उत्तर देणारी माणसं

माझ्या बहिणीच्या आजारपणात आजाराच्या बरोबरीने आम्हाला छळलं ते स्पष्टीकरणांनी. ताईला स्वादुपिंडाचा कॅन्सर झाला होता आणि तो यकृतापर्यंत पोचला होता. स्वादुपिंड पोटात खोल, पाठीच्या बाजूला असतं. तिथली गाठ वाढत असताना बाहेरून काही कळत नाही, आणि कळतं तेव्हा बहुतेकांच्या बाबतीत शस्त्रक्रियेची वेळ निघून गेलेली असते. डॉक्टरांनी हे सगळं घाई न करता समजावलं. ताईने ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "खूप दुखेल का?" ते म्हणाले, "दुखेल. पण दुखणं आटोक्यात ठेवता येतं."

त्या खोलीत "का?" हा प्रश्न कोणी विचारला नाही. तो घरी आल्यावर सुरू झाला, आणि तोही ताईने नाही, भेटायला येणाऱ्यांनी सुरू केला. आत्या म्हणाली, "मागच्या जन्मीचं काही राहिलं असेल, ते फिटतंय म्हणायचं." कोणी म्हणालं, देव आपल्या माणसांचीच परीक्षा बघतो. ओळखीच्या एक शिकलेल्या बाई म्हणाल्या, "ती सगळं मनात ठेवते ना, राग कधी बाहेर काढत नाही. त्यातूनच होतं हे." पहिली दोन वाक्यं ताईने सोडून दिली. तिसरं मात्र रुतलं, कारण ते शास्त्रासारखं ऐकू येत होतं. रात्री जाग आली की ती मला विचारायची, "मी खरंच मनात ठेवत होते का गं?" मग जुनी भांडणं, नोकरीतले अपमान, सासूबाईंशी बोलायचं राहून गेलेलं, सगळं एकेक करून उकरून काढायची. दुखणं होतंच; त्यात आता हा आरोप आला, आणि आरोपीही तीच.

ही माणसं वाईट नव्हती. मायेपोटीच आली होती, रात्र-रात्र थांबायची त्यांची तयारी होती. मग त्यांच्या तोंडून असं का निघतं, हे मला समजून घ्यायचं होतं. त्या शोधात मेल्विन लर्नर या मानसशास्त्रज्ञाचा 1966 सालचा प्रयोग वाचनात आला. कॅरोलिन सिमन्स या सहकारी संशोधिकेबरोबर त्याने काही विद्यार्थिनींना एक दृश्य दाखवलं. समोरची मुलगी चुकलं की तिला विजेचे झटके बसत होते. झटके खोटे होते, पण बघणाऱ्यांना ते ठाऊक नव्हतं. काही जणींना तिची सुटका करण्याची संधी दिली गेली, काहींना फक्त बघत बसायला लागलं. ज्यांना काहीच करता येणार नव्हतं त्यांनी नंतर त्या मुलीबद्दल जास्त वाईट मत दिलं. ज्यांना तिला सोडवता आलं त्यांचं मत तेवढं वाईट नव्हतं. जग न्यायाने चालतं हा विश्वास माणसाला इतका हवा असतो, की तो टिकवण्यासाठी दुःख भोगणाऱ्यालाच तो कमी लेखतो. मी हे वाचलं तेव्हा मला आत्या दिसली: रिकामे हात घेऊन पलंगाशी बसलेली, भाचीकडे बघवत नाही आणि उठून जाताही येत नाही अशी.

रात्री ताईजवळ बसायची पाळी बहुधा माझी असायची. त्या जागरणांत मी या प्रश्नावर मिळेल ते वाचत गेले. बायबलमधली ईयोबची गोष्ट तेव्हा पहिल्यांदा नीट वाचली. ईयोब सज्जन माणूस. त्याची मुलं जातात, संपत्ती जाते, अंगभर फोड येतात. त्याचे तीन मित्र येतात, त्याला बघून रडतात आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहतात, एक शब्दही न बोलता. मग ईयोब स्वतः बोलतो, आपल्या जन्मालाच शाप देतो, आणि तिथून मित्रांची तोंडं उघडतात. तू काहीतरी पाप केलं असशील, देव अन्याय करत नाही, कबूल कर. गोष्टीच्या शेवटी देव रागावतो तो या मित्रांवर. देवाची बाजू लढवणाऱ्यांवर! ईयोबने देवाला जाब विचारला होता, आणि देव म्हणतो की खरं बोलला तो हाच. तत्त्वज्ञ कांट याने 1791 साली एक निबंध लिहिला, जगातल्या दुःखाचं देवाच्या न्यायीपणाशी गणित जुळवण्याचे सगळे प्रयत्न फसतात असं दाखवणारा, आणि त्यात त्याने याच गोष्टीचा आधार घेतला. ईयोबचा मोठेपणा त्याच्या प्रामाणिकपणात आहे असं तो म्हणतो. जे आपल्याला माहीत नाही ते माहीत असल्याचा आव त्याने आणला नाही.

मला त्या सात दिवसांबद्दल अधिक वाटतं. मित्र म्हणून त्यांनी जे काही चांगलं केलं ते सगळं त्या सात दिवसांत करून झालं होतं.

जर्मन तत्त्वज्ञ लायब्निट्सने 1710 साली असं मांडलं होतं की शक्य असलेल्या सगळ्या जगांमधलं हे सर्वोत्तम जग आहे; इथलं दुःख एका मोठ्या मांडणीचा भाग आहे, आपल्याला ती मांडणी पूर्ण दिसत नाही इतकंच. 1 नोव्हेंबर 1755 रोजी पोर्तुगालमधल्या लिस्बन शहरात भूकंप झाला. सर्व संतांचा सण होता, सकाळची वेळ, चर्चं माणसांनी भरलेली. भूकंपामागून समुद्र शहरात शिरला, पेटत्या मेणबत्त्या आणि चुली कोसळून आगी लागल्या आणि त्या कित्येक दिवस धुमसत राहिल्या. हजारो माणसं गेली. काही आठवड्यांतच फ्रेंच लेखक व्हॉल्तेरने त्यावर कविता लिहून विचारलं की आईच्या छातीशी चिरडलेल्या बाळांनी कोणता गुन्हा केला होता. लायब्निट्स फार मोठ्या बुद्धीचा माणूस होता आणि त्याचा युक्तिवाद मला वाटलं होतं त्याहून पक्का आहे. तरीही शेजारच्या पलंगावर ताई गुडघे पोटाशी घेऊन कण्हत असताना तो युक्तिवाद मला पुढे वाचवेना.

दुसऱ्या बाजूला आपला तुकाराम आहे. 1630 च्या सुमाराच्या दुष्काळात त्यांची पत्नी अन्नावाचून गेली, दुकान बुडालं, आणि ते म्हणतात, "बरें झालें देवा निघालें दिवाळें । बरी या दुष्काळें पीडा केली ॥" हा अभंग मला लहानपणापासून पाठ होता. ताईच्या उशाशी तो आठवला तेव्हा आधी घशात आवंढा आला, मग राग. बरं कसं झालं? बायको उपाशी मेली ते बरं झालं? पुष्कळ दिवस हा अभंग मला पेलला नाही. नंतर लक्षात आलं की तो प्रथमपुरुषी आहे. ज्याचं सगळं गेलं त्यानेच, सगळं गेल्यानंतर, देवाकडे तोंड करून म्हटलेलं ते वाक्य आहे. तेच वाक्य एखादा शेजारी त्यांच्या दारात येऊन म्हणाला असता तर तो क्रूरपणा झाला असता. दुःखातून अर्थ काढण्याचा हक्क ज्याचा त्याचा असतो. ताईला कधी "बरे झाले देवा" म्हणावंसं वाटलं असतं तर मी ऐकलं असतं. तिला तसं वाटलं नाही आणि तिच्याकडून ते वदवून घेण्याचा अधिकार आम्हा कोणालाच नव्हता.

तोवर दुखणं वाढलं होतं. स्वादुपिंडाचं दुखणं पोटातून आरपार पाठीत जातं. उताणं पडलं की वाढतं, पुढे वाकून बसलं की जरा कमी होतं. म्हणून ताई पलंगावर मांडीशी उशी धरून, तिच्यावर कपाळ टेकून बसल्या-बसल्या झोपायची. साध्या गोळ्या पुरेनात. मग आम्हाला पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे दुखणं आणि त्रास कमी करण्यावर भर देणाऱ्या उपचारांच्या विभागात पाठवलं. त्या नावाने भाऊजी हबकलेच. आता हात टेकले, असा त्याचा अर्थ त्यांनी घेतला. प्रत्यक्षात इतक्या महिन्यांत तिथेच पहिल्यांदा कोणीतरी ताईला एवढे प्रश्न विचारले. दुखणं कुठे सुरू होतं, कुठे जातं, ठणकतं की जळतं, कशाने वाढतं, शून्य ते दहापैकी किती, झोप लागते का, कशाची भीती वाटते, मुलीला किती सांगितलंय.

हे प्रश्न ज्या विचारातून येतात तो सिसिली सॉन्डर्सचा. त्या आधी परिचारिका होत्या, मग रुग्णालयात समाजसेविका झाल्या, आणि मरणाऱ्या माणसांच्या वेदनेकडे डॉक्टर लक्ष देत नाहीत हे बघून पुन्हा शिकून स्वतः डॉक्टर झाल्या. 1967 साली त्यांनी लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांची काळजी घेणारी संस्था, सुरू केली. वेदना फक्त शरीराची नसते. मनाची, घरादाराची, आणि "माझ्या असण्याला काही अर्थ होता का" या प्रश्नाचीही ती असते, आणि हे सगळं एकात एक गुंतलेलं असतं, असं त्यांनी मांडलं. आमच्या डॉक्टरांनी तसंच केलं. त्या शिकलेल्या बाईंचं वाक्य ताईने त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "राग मनात ठेवल्याने हा कॅन्सर होत नाही. तुम्ही काहीही केलेलं नाही." ताई खूप रडली. त्या रात्री तिने जुनं काही उकरलं नाही.

मॉर्फिनच्या गोळ्या सुरू झाल्या. दुखायला लागल्यावर घ्यायच्या नाहीत, घड्याळाप्रमाणे घ्यायच्या: दर चार तासांनी, रात्री झोपताना दुप्पट, म्हणजे मध्यरात्रीचा डोस चुकवून सलग झोप मिळते. मधेच दुखणं उठलं तर त्यासाठीचा जादा डोस वेगळा. पहिल्या दिवसापासून सोबत पोट साफ राहण्याचं औषध. सुरुवातीला थोडी गुंगी, थोडी मळमळ, मग ती ओसरते. सवय लागेल का, ही भीती आमच्या घरात सगळ्यांना होती. डॉक्टरांनी तिलाही उत्तर दिलं. या वेळा सांभाळायला एक चार्ट होता: वेळ, डोस, दुखणं किती, पोट साफ झालं का, झोप किती.

चार्ट ठेवायचं काम आत्याने मागून घेतलं. जाड अक्षरात, ओळी आखून, घड्याळ समोर ठेवून ती लिहायची. पहाटेचा डोस तिने एकदाही चुकू दिला नाही. आणि त्या दिवसापासून मागच्या जन्माचा विषय तिच्या तोंडून निघाला नाही. तिचा कर्मावरचा विश्वास गेला असं मला मुळीच म्हणायचं नाही, तो अजूनही आहे. पण करण्यासारखं काहीतरी हातात आलं आणि तिला ताईकडे बघता यायला लागलं.

काही दिवसांनी ताई उताणी झोपली. सरळ, पाय लांब करून, रात्रभर.

आशेबद्दल बोलायचं तर मला इथूनच बोलता येतं. पहिल्या भेटीत डॉक्टरांनी विचारलं होतं, "तुम्हाला कशाची आशा आहे?" ताई म्हणाली, बरं होण्याची. त्यांनी मान हलवली, ते लिहून घेतलं, खोडून काढलं नाही. मग विचारलं, "आणि त्याशिवाय आणखी कशाची?" ताई बराच वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "पाठीवर झोपायचंय." त्यानंतर तिच्या आशा बदलत गेल्या. लेकीला घरातले जुने फोटो दाखवून कोण कोण आहे ते सांगून ठेवायचं. एका मैत्रिणीशी तुटलेलं बोलणं पुन्हा जोडायचं. शेवटी शेवटी तर, संध्याकाळी खिडकी उघडी असावी, इतकंच. बरं होण्याची आशाही यांच्या बाजूला होतीच, कधी फिकी, कधी लख्ख. आधी मला वाटायचं की खोटी आशा आणि खरी आशा असे दोन कप्पे असतात आणि माणसाने पहिला बंद करून दुसऱ्यात यायचं असतं. ताईच्या मनात असे कप्पे नव्हते. सकाळी ती लेकीच्या लग्नात काय नेसेन ते बोलायची आणि दुपारी आपले दागिने कोणाला द्यायचे ते सांगायची, आणि दोन्ही मनापासून.

याच आशेचा माग काढत तो माणूस आमच्या घरापर्यंत पोचला.

त्याचं नाव-गाव इथे देत नाही. प्रकरण चालू आहे. कोणाच्या तरी ओळखीतून त्याचा फोन आला. शेवटच्या टप्प्यातले कितीतरी रुग्ण आपण बरे केलेत असं तो सांगायचा. अट एकच, बाकीची सगळी औषधं बंद. वेदनेच्या गोळ्यासुद्धा. "त्या गोळ्या आजार झाकून ठेवतात. त्या चालू असताना माझं औषध लागू पडणार नाही." निर्णय ताईने घेतला. शुद्धीवर असलेल्या, जगायची इच्छा असलेल्या माणसाचा तो निर्णय होता आणि आम्ही तिच्याबरोबर उभे राहिलो.

पुढचे दिवस मला सविस्तर लिहिता येणार नाहीत. मॉर्फिन एकदम बंद केलं की शरीर बंड करून उठतं: घाम, थरथर, जुलाब, पोटात पीळ. आणि दाबून ठेवलेलं मूळ दुखणं पूर्ण जोराने परत येतं. फोन केला की तो शांत आवाजात सांगायचा, "विष बाहेर पडतंय. चांगलं लक्षण आहे." ताई पुन्हा उशीवर कपाळ टेकून बसली. शेवटी तिनेच गोळी मागितली. आम्ही डॉक्टरांकडे धावलो. त्यांनी एका शब्दानेही कोणाला बोल लावला नाही, डोस पुन्हा बसवून दिला. त्या माणसाला कळवलं तेव्हा तो म्हणाला, "तुमचा विश्वास कमी पडला."

ताईला हे वाक्य आम्ही सांगितलं नाही.

नंतर भाऊजी आणि मी त्याला भेटायला गेलो. बाहेर बरीच माणसं बसली होती, हातात रिपोर्टच्या पिशव्या, डोळ्यांत आमच्या डोळ्यांत होतं तेच. तो नम्रपणे बोलला. बसायला सांगितलं, पाणी दिलं. कोणत्या रुग्णाचं म्हणता, असं त्याने दोनदा विचारलं. त्याला ताई आठवत नव्हती. "मी कोणावर जबरदस्ती केलेली नाही," म्हणाला. बोलता बोलता टेबलावरच्या पाकिटातून रक्तदाबाची गोळी काढून त्याने घेतली. दुकानात मिळते तीच, कंपनीच्या छापाची.

हाना आरेंट या विचारवंत बाईंचं म्हणणं मी तोवर उडत उडत ऐकलेलं होतं, आता मुळातून वाचलं. लाखो ज्यूंना छळछावण्यांकडे पाठवणाऱ्या आइशमान या नाझी अधिकाऱ्याचा खटला 1961 साली जेरुसलेममध्ये चालला, तेव्हा त्या तिथे हजर होत्या. काचेच्या पेटीत बसलेला राक्षस त्यांना दिसला नाही. ठरावीक साच्यातली वाक्यं बोलणारा, दुसऱ्याच्या जागी उभं राहून विचार करण्याची शक्तीच नसलेला एक सामान्य माणूस दिसला. दुष्टपणा असा सपाट, उथळ असू शकतो, हे त्यांचं म्हणणं जगभर गाजलं. ते वाचताना मला तो नम्र आवाज आठवत होता. "कोणत्या रुग्णाचं म्हणता?"

पण मला हे अर्धंच पटतं, आणि आइशमानबाबतही ते अर्धंच ठरलं. अर्जेंटिनात लपून राहत असताना 1957 साली त्याने सासेन नावाच्या माणसाला दिलेल्या मुलाखतींच्या ध्वनिफिती होत्या. बेटिना श्टांगनेथ या जर्मन अभ्यासक बाईंनी त्या सगळ्या साहित्याचा अभ्यास करून 2011 साली दाखवून दिलं की तो विचार न करणारा कारकून नव्हता. आपण काय केलं ते त्याला पक्कं ठाऊक होतं आणि त्याचा त्याला अभिमान होता. न्यायालयात दिसलेला कारकून हे बऱ्याच अंशी त्याने घेतलेलं सोंग होतं. आमच्यापुढच्या माणसाचा गुन्हा त्या गुन्ह्याच्या जवळपासही नाही. दोन्ही एका मापाने मोजणं त्या मेलेल्यांचा अपमान ठरेल. मला एवढंच म्हणायचं आहे की ताईचा चेहरा न आठवणं आणि स्वतःसाठी खरी गोळी घेणं, या दोन्ही गोष्टी एकाच माणसात होत्या. त्याला रुग्ण दिसत नव्हता हे खरं, आणि आपण काय करतोय ते त्याला पुरतं समजत होतं हेही खरं. समजत असूनही बघायचं नाही, असं त्याने केव्हातरी ठरवलं असणार.

"विश्वास कमी पडला" आणि "मागच्या जन्मीचं फिटतंय" ही वाक्यं मी मनात पुष्कळदा शेजारी शेजारी ठेवून पाहिली. दोन्हींत दुःखाचा हिशोब दुःख भोगणाऱ्याच्याच नावावर मांडलेला आहे. तरी आत्या आणि तो माणूस एका रांगेत बसत नाहीत. आत्याला स्वतःची भीती शमवायची होती. भाचीच्या वेदनेतून तिला काही मिळवायचं नव्हतं, आणि वेदना कमी करायचा रस्ता दिसताच ती त्यावर चालू लागली. त्याने तो रस्ता बंद करायला लावला, कारण आमची आशा हाच त्याचा माल होता. दुष्टपणा म्हणजे काय, असं मला कोणी विचारलं तर मी या फरकाकडे बोट दाखवीन.

बुद्धाने मालुंक्यपुत्त या भिक्खूला सांगितलेला बाणाचा दृष्टांत त्या काळात माझ्या डोक्यात सतत घोळत होता. विषारी बाण लागलेला माणूस जर म्हणाला, की बाण कोणी मारला, तो कोणत्या कुळाचा, धनुष्य कसलं, पिसं कोणत्या पक्ष्याची, हे कळल्याशिवाय मी बाण काढू देणार नाही, तर उत्तरं मिळण्याआधीच तो मरेल. ताईच्या कॅन्सरला हा दृष्टांत तंतोतंत लागू पडतो. तिथे "का"चा पाठलाग म्हणजे वेळ घालवणं होतं. मॉर्फिन हे बाण काढणं होतं. पण त्या माणसाने मारलेल्या बाणाचं काय? इथे आधी बाण काढायचा हे खरंच, पण नंतर "कोणी मारला" हे विचारायलाच हवं, कारण त्याच्या दारात अजून माणसं बसलेली आहेत. काही दुःखांच्या बाबतीत कर्ता शोधणं व्यर्थ असतं, काहींच्या बाबतीत न शोधणं हा पुढच्या माणसावर केलेला अन्याय असतो. मन शांत ठेवण्याचे उपदेश करणारे हा भेद फार वेळा विसरतात, आणि मला त्याचा खरंच राग येतो.

आणि काही वेळा कर्ता असतो, पण त्याला एक चेहरा नसतो. वेदनेवर वाचता वाचता मी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाच्या 2017 च्या अहवालापर्यंत पोचले. 2015 साली जगात जेवढी माणसं गेली त्यांपैकी सुमारे 45 टक्के, म्हणजे अडीच कोटींहून अधिक माणसं गंभीर वेदना आणि त्रास भोगत गेली. 2010 ते 2013 या काळात जगभर वर्षाला सरासरी 298.5 टन मॉर्फिन आणि त्याच्यासारखी वेदनाशामकं वाटली गेली. त्यांतलं सगळ्यात गरीब देशांच्या वाट्याला आलं 0.1 टन. मॉर्फिन काही नवं औषध नाही. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते अफूपासून वेगळं काढलं गेलं, त्यावर कोणाची मक्तेदारी नाही, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते 1977 सालच्या पहिल्या यादीपासून आहे. ताईने जे दिवस गोळीविना काढले तसे दिवस कोट्यवधी माणसं शेवटपर्यंत काढतात, आणि त्यांना गोळी बंद करायला सांगणारा कोणी भोंदू लागत नाही. गोळी पोचलेलीच नसते.

हे वाचल्यावर मला संत ऑगस्टीनचं म्हणणं निराळं दिसायला लागलं. वाईटाला स्वतःचं अस्तित्व नसतं, जे चांगलं असायला हवं त्याचा अभाव म्हणजे वाईट, असं तो म्हणतो. ताईच्या वेदनेसमोर हे मला अगदी पोकळ वाटलं होतं. ती वेदना कसलाही अभाव नव्हती, खोलीत तिच्याइतकं भरीव दुसरं काही नव्हतं. पण त्या 0.1 टनासमोर त्याचं म्हणणं शब्दशः खरं आहे. तिथे वाईट म्हणजे नसलेली बाटली, न शिकवलेला डॉक्टर, कोणी न भरलेला परवान्याचा अर्ज. लिस्बनच्या भूकंपानंतर तत्त्वज्ञ रूसोने व्हॉल्तेरला लिहिलेल्या पत्रातही असंच काहीसं आहे: सहा-सात मजल्यांची वीस हजार घरं तिथे निसर्गाने उभी केली नव्हती. जमीन हलणं कोणाच्या हातात नव्हतं, पण तिच्यावर काय आणि कसं बांधायचं ते माणसांच्या हातात होतं. व्हॉल्तेरचा आक्रोश मला जवळचा वाटतो. काय करायचं ते मात्र रूसोच्या पत्रातून जास्त कळतं.

ताई गेली तेव्हा तिला दुखत नव्हतं. चार्टवर त्या दिवशी आत्याने शून्य लिहिलेलं आहे.

आम्ही रीतसर तक्रार केली. कागदपत्रं जमवली, फोनची नोंद काढली, त्याच्याकडे गेलेल्या आणखी काही कुटुंबांना शोधून बोललो. कित्येकांनी नकार दिला. गेलेलं माणूस परत येणार आहे का, असं म्हणाले, आणि त्यांना दोष द्यायला माझ्याकडे काही कारण नाही. काही जण तयार झाले. काम सावकाश चाललं आहे. पसायदानात ज्ञानेश्वरांनी खळांचा नाश मागितला नाही, त्यांच्यातला वाकडेपणा जावा एवढंच मागितलं. मी ते रोज म्हणत आले, पण या माणसाबद्दल मला ते अजून मनापासून मागता येत नाही. सध्या मला एवढंच हवं आहे की त्याच्या बाहेरच्या खोलीतली बाकं रिकामी व्हावीत. माझ्या भाचीला तो मरावा असं वाटतं. तिने ते मला स्पष्ट सांगितलं आणि मी तिला गप्प केलं नाही.

तक्रारीतला त्या दिवसांचा भाग तिनेच लिहिला आहे. मी मदत करू का विचारलं तर नको म्हणाली. तिच्या लिखाणात एकही विशेषण नाही. तारखा, वेळा, बंद केलेला डोस, आईला काय काय होत होतं ते, आणि त्याने फोनवर उच्चारलेली वाक्यं जशीच्या तशी. सोबत चार्टची पानं जोडली आहेत. ज्या दिवसांत गोळ्या बंद होत्या त्या दिवसांतही आत्याने चार्ट सोडला नव्हता; दर चार तासांनी डोसच्या रकान्यात रेघ आणि दुखण्याच्या रकान्यात नऊ, दहा, दहा. हे अक्षर कोणाचं आहे असं चौकशीत विचारतील, असं वकिलांनी सांगितलं, तर आत्या म्हणाली, "माझं आहे. मला बोलवा म्हणावं, मी सांगते."